आधी जवायाले

आमचे विलासराव बोटीत कधी बसले नाहीत. मशीन सुरू केलं की डावा पाय बोटीच्या काठावर, उजव्या हातात मशीनचा दांडा आणि मान अशी ताठ, की बघणाऱ्याला वाटावं धरण यांच्या आजोबांनीच बांधलंय. बसून चालवा असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं : "बसाले काय, लोकं संडासातबी बसतेत. मी बोट चालवून राह्यलो." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसले होते मी. त्यांच्या बोलण्याचं हसू यायचंच. हसून झालं की मग कळायचं, यात हसण्यासारखं काही नव्हतं.

विलासराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, सुनंदाचे, यजमान. मेहकरजवळच्या एका धरणात मासे सोडायचा आणि काढायचा ठेका त्यांच्याकडे होता. त्यासाठी त्यांनी फायबरची लहान बोट घेतली होती, मागे पेट्रोलचं मशीन लावलेली. आमच्या भागात मोटरसायकल सगळ्यांकडे, ट्रॅक्टर पुष्कळांकडे, पण बोट एकट्या विलासरावांकडे. सोयरीक जुळली तेव्हा आमच्या बाबांना आभाळ ठेंगणं झालं. बाबा मेहकरच्या तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. धोतर, काळी टोपी, आणि जन्मात कुणाशी चढ्या आवाजात बोलणं नाही. "बोटवाला जवाई भेटला आपल्याले," असं ते एसटी स्टँडवर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगत.

आणि माणूस देखणा होता, यात वाद नाही. उंच, सावळा, उन्हाने रापलेला, आवाज असा की या काठावरून हाक मारली तर त्या काठावरची म्हैस मान वर करील. पावसाळा सरला की आमच्या घरी न चुकता मरळ मासा यायचा, पळसाच्या पानांत गुंडाळून. सोबत निरोप : "ताईले सांगा, मास्तरांले काटे काढून द्या, नाहीतं शाळेत फळ्यावर खोकत बसतीन." मास्तर म्हणजे माझे यजमान. तेही हसायचे. जावई म्हणजे दहावा ग्रह असं आपल्याकडे म्हणतात. आमचा ग्रह घरात आला की घर उजळायचं आणि तापायचंही.

धरणात कुणी बुडालं की पंचक्रोशीतून विलासरावांनाच बोलावणं यायचं. वारा कुठून आहे, गाळ कुठे आहे, हे बघून ते नेमकी बोट नेत, उडी घेत आणि माणूस वर काढीत. त्याचं कुणाकडून कधी काही घेतलं नाही. एकदा एका बाईचा कर्ता मुलगा त्यांनी असाच काढून काठावर आणून ठेवला. ती बाई छाती बडवत होती. हे डोकं पुसत तिला म्हणाले, "रडून काऊन राह्यली, माय? भेटला ना. कित्येकायचे भेटत नाहीत." त्या बाईने त्यांचे पाय धरले. मी तिथे होते. तो धीर होता की क्रौर्य, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

पण ट्यूबवाल्याचं तसं नव्हतं. धरणाकाठची गरीब माणसं ट्रकच्या टायरची ट्यूब फुगवून, तिच्यावर बसून, चोरून जाळं टाकायची. विलासराव एका दुपारी आम्हां दोघी बहिणींना बोटीतून फिरवत होते आणि असा एकजण समोर सापडला. त्यांनी त्याला ना शिवी दिली, ना जाळं हिसकावलं. मशीनची रेस वाढवली आणि त्याच्याभोवती गोल गोल बोट फिरवायला लागले. प्रत्येक फेरा आधीपेक्षा जवळून. बोटीच्या लाटांनी ती ट्यूब उलटीपालटी व्हायला लागली. माणूस पाण्यात पडे, पुन्हा ट्यूब धरे, पुन्हा पडे. "दादा, पोरं हायेत माहे," तो ओरडत होता. विलासराव मजेत म्हणाले, "धरणाले लाटा नसतेत बे, म्हून मी करून देतो. घे मजा." सुनंदाने त्यांचा हात धरला तेव्हा थांबले. हात धरला याची शिक्षा तिला घरी मिळाली असावी, कारण पुढच्या खेपेला ती बोटीत आली नाही.

सुनंदाला पोहायलाही त्यांनीच शिकवलं. शिकवलं कसलं! लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत, धरणाच्या मध्यावर नेऊन, अंगावरच्या नव्या साडीसकट ढकलून दिलं. ती गटांगळ्या खात असताना हे बोटीच्या काठावर पाय ठेवून उभे. "शिकवल्यानं कोनी शिकत नाही. बुडता बुडता शिकते." शेवटी केसांना धरून वर घेतलं. असं चारदोनदा झाल्यावर ती खरंच पोहायला शिकली. लोकांना ते ही गोष्ट कौतुकाने सांगत, आणि सांगताना सुनंदाने हसावं अशी त्यांची अपेक्षा असे. ती हसे.

तिला मूलबाळ झालं नाही. सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे होतं. आमच्या माहेरी जेवायला आले की भाकरी मोडता मोडता विलासराव बाबांना विचारत, "काहो बाबा, तुमची पोरगी वापस आनून देऊ काय?" मग स्वतःच मोठ्याने हसत. आई हसे, मास्तर हसत, आणि सगळ्यांचं हसून झालं की बाबा हसत. त्या हसण्यात बाबांचा चेहरा कसा पांढरा पडे ते मी पाहिलंय. सुनंदाचं घर मोडू नये, एवढी एकच गोष्ट त्या माणसाला म्हातारपणी हवी होती. त्यासाठी घरात जे चांगलं असेल ते पहिल्यांदा विलासरावांपुढे जाई. पहिलं ताट, पहिला आंबा, कूलरसमोरची खाट. माझ्या पोरांनी हात पुढे केला तर बाबा हलकेच बाजूला सारत : "थांब बे. आधी जवायाले."

त्या वर्षी धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो खरोखरच, कारण विहिरी आटल्या होत्या आणि धरणात गुडघ्याएवढं पाणी उरलं होतं. अधिकात जावयाला वाण द्यायचं असतं. बाबांनी चांदीचं ताट मनात धरलं होतं. विलासराव म्हणाले, "ताट काय चाटू? घरी पडेल हायेत. मले समुद्र दाखवा. लयी ऐकलं, पाहू तं किती मोठा हाय." दुसरा कुणी असता तर बाबा हसण्यावारी नेते. पण जावयाने, तेही धोंड्यात, तोंडाने मागितलेलं. बाबांनी जीप ठरवली. आईचे गुडघे दुखत होते म्हणून ती राहिली. बाबा, सुनंदा, विलासराव आणि सोबतीला मी, असे आम्ही चौघे कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावी गेलो.

पोचलो त्या दुपारी खाडीत नुसता चिखल होता. सकाळी उठून बघतो तर काठोकाठ पाणी. आम्हाला समुद्रात नेणारा माणूस, त्याला तिकडे तांडेल म्हणतात, भरती आणि ओहोटी समजावून सांगायला लागला. विलासरावांनी त्याची टर उडवली. "पानी काय कचेरीत नोकरीले हाय काय, टायमावर यायले अन् जायले? आमच्या धरणाचं पानी दरवाजा उघडल्याबिगर बोटभर हालत नाही." तांडेल हसला आणि त्याने आम्हां चौघांना नारंगी जाकिटं दिली. बाबांनी धोतरावर ते जाकीट घातलं, पट्टे बांधायला मला सांगितलं. विलासरावांनी आपलं घडी करून बुडाखाली घेतलं. त्या दिवशी ते बोटीत पहिल्यांदा बसलेले मी पाहिले, कारण मशीन दुसऱ्याच्या हातात होतं.

जाताना पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं. बोट त्यांच्याच बोटीएवढी, मशीनही तसंच. त्यामुळे विलासराव खुशीत. करंगळी बुडवून पाणी चाखलं आणि थुंकले. "एवढं पानी अन् प्याले थेंब नाही. काय कामाचा हा समुद्र?" बाबाही हसले, मनापासून. लांबवरच्या एका खडकाच्या बेटाला फेरी मारून आम्ही परत फिरलो आणि वारा उठला. असा उठला की जणू कुणी दार लाथेने उघडलं. बघता बघता पाण्याचे डोंगर व्हायला लागले. बोट चढायची आणि खाली आदळायची, की मणक्यात कळ जायची. सुनंदा आणि मी ओकत होतो. बाबांनी दोन्ही हातांनी फळी धरून डोळे मिटले होते.

खाडीच्या मुखाशी आलो तर तिथे पांढराशुभ्र फेस. लाटा उभ्या राहून फुटत होत्या. तांडेलाने लगेच बोट वळवली आणि तोंड समुद्राकडे केलं. "ओहोटी लागलीय. पाणी बाहेर येतंय आणि वारा आत ढकलतोय, म्हणून मुखावर फुटतंय. आता आत शिरायचं नाही. तोंड लाटेवर धरून इथंच थांबू. भरती लागली की पाणी बसेल, मग जाऊ." हळू रेसवर तो एकेक लाट तिरकी घेत होता. भिजत होतो, आदळत होतो, पण तरंगत होतो.

विलासरावांना हे सहन होईना. काठ समोर दिसतोय, माडाची झाडं दिसतायत, आणि हा माणूस काठाकडे पाठ करून उभा. "काऊन थांबाचं? वारं सुटलं की पयला काठ धरतेत. लहान पोराले समजते."

"धरणात धरत असाल, साहेब. इथं बोटी फुटतात त्या काठाजवळच."

"तू मले बोट शिकवून राह्यला काय बे?" असं म्हणत ते सवयीने उभे राहिले, आणि त्याच वेळी एक लाट आमच्या अंगावरून गेली. ते कोसळले, फळीला धरून राहिले, पण बुडाखालचं जाकीट गेलं. नारंगी ठिपका दोनदा दिसला आणि मग दिसला नाही. विलासरावांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. इतकी प्रेतं पाण्यातून काढणारा तो माणूस लहान मुलासारखा भ्यायला होता. लाट त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याला दिली होती, त्यांना कुणी दिली नव्हती.

बोटीत घोट्याच्या वर पाणी साचलं. ते उपसायलाच हवं होतं. तांडेलाने डबा शोधत विचारलं, "मशीन धरता येतं ना यांना? नुसतं तोंड लाटेवर धरायचं. रेस वाढवायची नाही." विलासरावांनी फळी सोडली नाही. उत्तर बाबांनी दिलं. डोळे मिटलेलेच, पण आवाजात तोच एसटी स्टँडवरचा अभिमान. "येते म्हंजे? धरणाचे राजे हायेत ते. द्या तेयच्या हाती." जावयाला येत नाही असं चारचौघांत म्हणणारा सासरा आमच्याकडे जन्माला यायचाय. तांडेलाने दांडा दिला आणि तो पाणी उपसायला वाकला.

विलासरावांनी दांडा हातात येताच बोट काठाकडे फिरवली आणि मशीन पूर्ण रेसवर सोडलं. धरणात त्यांनी हजारदा हेच केलं असेल. तांडेल ओरडला तोवर मागून आलेल्या लाटेने बोट उचलली होती. आम्ही तिच्या उतारावरून घसरत सुटलो. बोटीचं तोंड पाण्यात घुसलं, मागची बाजू गर्रकन फिरली आणि बोट लाटेला आडवी होऊन अर्धी भरली. मशीन खोकून बंद पडलं. एकदम वाऱ्याचाच आवाज उरला.

मग जे झालं ते मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलं. तांडेल मशीनची दोरी ओढत होता. विलासराव दांडा सोडून बोटीच्या तळाशी बसले होते आणि म्हणत होते, "माहं जाकीट. माहं जाकीट कुठी हाय?" बाबांनी डोळे उघडले. मी बांधून दिलेले पट्टे त्यांनी स्वतःच्या हातांनी सोडवले. घरात पहिला आंबा पुढे करत, अगदी तसं ते जाकीट पुढे केलं. "घ्या जवाईबुवा. आधी तुमाले. पोरीले तुमच्याबिगर कोन हाय?"

मी ओरडले, "बाबा, नका!" सुनंदा ओरडली. विलासरावांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाकीट घेतलं, घातलं, आणि तिन्ही पट्टे नीट, ओढून, खटाखट लावले. घाईत एकही चुकला नाही. पुढच्या लाटेने बोट उलटली.

सुनंदा बाबांच्या दिशेने पोहत गेली. ती चांगली पोहत होती. बाबांच्या धोतराचा सोगा पाण्याखाली जाताना तिला दिसला आणि तिने बुडी मारायचा प्रयत्न केला, पण जाकीट खाली जाऊ देईना. माणसाला वर ठेवायलाच ते केलेलं. पट्टे सोडवेपर्यंत तिथे नुसता फेस होता. गावातल्या मच्छीमारांनी होड्या घातल्या आणि तांडेलासकट आम्हां चौघांना काढलं. बाबांना दुसऱ्या दिवशी समुद्रानेच वाळूवर आणून टाकलं.

त्याआधी रात्रभर गावातली माणसं टॉर्च घेऊन किनाऱ्याने शोधत फिरली. एवढ्या लोकांचे बुडालेले शोधून देणारे आमचे विलासराव मात्र एका माडाला टेकून बसून होते, जाकीट अंगावर तसंच. चहा दिला तर घेतला. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा मान वर न करता म्हणाले, "म्या मांगतलं नव्हतं, ताई. त्यायनं देल्लं. सासऱ्यानं देल्लेलं जवायानं वापस करावं काय?"

आपलेच दात, आपलेच ओठ. मी आईला एवढंच सांगितलं, की बाबा बुडाले. सुनंदानेही तेच सांगितलं. घर टिकावं म्हणून बाप गेला, तर निदान ते घर टिकू द्यावं, असं तिच्या मनात होतं. तेराव्याला विलासराव आले आणि आईने पहिल्या पंगतीत पहिलं पान त्यांनाच वाढलं.

पुढे ते बोटीत उभे राहिले नाहीत. बोट काठावर उपडी पडून राहिली, ट्यूबवाले भरदिवसा जाळी टाकायला लागले. जीपवाल्यानेच कोकणातली गोष्ट इकडे पोचवली असणार, कारण धरणावर पोरं त्यांच्या मागे "जाकीट, जाकीट" करायची. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घरी मात्र त्याचा सगळा वचपा सुनंदावर निघायचा. ती भाकरी थापत असली तरी हे दारातून ओरडत, "पाहून काऊन राह्यली माह्याकडं?" ती बघत नसे. तिने त्यांच्याकडे बघणं सोडूनच दिलं होतं, आणि तेही त्यांना दिसत होतं.

दिवाळीच्या आधी ते तिला घेऊन मेहकरला आले. मी माहेरीच होते. मोटरसायकलवरून उतरले, तिची पिशवी ओट्यावर ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलले. "ताई, हिले ठेवून घ्या. हिच्या तोंडाकडं पाह्यलं की मले घास उतरत नाही. मले रोज तेच पानी दिसते. मी दुसरी करून राह्यलो." आवाज शांत होता, कधी नव्हे इतका. त्यात थट्टा नव्हती. सुनंदा पिशवीशेजारी बसली आणि पायाच्या नखाने ओट्याचं सारवण उकरत राहिली. बाबांनी स्वतःचा जीव देऊन जे विकत घेतलं होतं ते सहा महिनेही टिकलं नाही. मला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याहून जास्त मला बाबांचा राग आला, मेलेल्या माणसाचा, आणि त्या रागाने मी रडायला लागले.

आतून आई आली. तिने सगळं ऐकलं होतं, पण हातात चहाचा कप होता. जावई दारात आला की तिचे हात आपोआप चुलीकडे जात. विलासरावांनी कप घेतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कमी हाय."

आई वळली. "बस, आई! कुठं निघाली?" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारचे लोक बाहेर आले. आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पाय थांबले नाहीत.

"ओरडू नको बाई. जवाई हाय तो. आपल्या दारातून तोंड कडू करून जाऊ नये."

गुडघ्यांवर हात ठेवत ती आत गेली आणि साखरेचा डबा घेऊन बाहेर आली. विलासरावांनी कप पुढे धरला.